सोने लंडनला गेले, माणसे सहारला उतरली : आर्थिक संकटात जगाचे सहकार्य कोणाच्या कामी येते?

आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील अंधेरीच्या सीप्झमध्ये सेटिंगचे काम करतात. म्हणजे अंगठीत, कानातल्यात हिरे बसवायचे काम. पालकसभेला आले तेव्हा मुलाच्या गुणांपेक्षा त्यांना दुसरीच चिंता होती. म्हणाले, "सर, ओव्हरटाइम बंद झालाय. मधेच दोन-दोन दिवस सुट्टी देतात. अमेरिकेनं टॅक्स लावला म्हणे. हे एवढे मोठे नेते जगभर भेटतात, हात मिळवतात, फोटो काढतात. त्यात आमच्यासाठी कोणी बोलतं का?"

प्रश्न साधा होता. आम्ही तेव्हा काहीतरी धीराचे बोलून वेळ निभावली. पण घरी आल्यावर वाटले की, या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवे. कारण तो एका सेटरचा प्रश्न नाही. ज्यांच्या घरातले कोणी दुबई, कुवेत, रियाधला आहे किंवा ज्यांची रोजी परदेशी ऑर्डरवर चालते, अशा आपल्या हजारो कुटुंबांचा हा प्रश्न आहे.

आधी २०२५ ची गोष्ट बघू. २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतातून अमेरिकेत जाणाऱ्या बहुतेक मालावर ५० टक्के आयात शुल्क लागू झाले. आधी २५ टक्के, आणि भारत रशियाकडून तेल घेतो म्हणून वर आणखी २५ टक्के. म्हणजे तेव्हा शंभर रुपयांचा माल तिथल्या बंदरात पोहोचला की दीडशेचा होऊ लागला. गिऱ्हाईक साहजिकच दुसऱ्या देशाकडे वळू लागले. सीप्झमधून जाणाऱ्या दागिन्यांचा मोठा हिस्सा अमेरिकेलाच जातो. त्यामुळे तिकडे कागदावर सही झाली आणि इकडे मरोळ-साकीनाक्याच्या घरांतले दूध अर्ध्या लिटरवर आले.

त्यानंतर २२ आणि २३ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला जी-२० देशांच्या नेत्यांची परिषद झाली. आफ्रिका खंडातली ही पहिलीच. जगातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेली अमेरिका तिथे आलीच नाही. बाकीच्या देशांनी तिच्याशिवाय जाहीरनामा मंजूर केला. काहींना ही हिंमत वाटली, काहींना हा देखावा वाटला. आमच्या मते, ज्याच्या निर्णयाने सेटरची सुट्टी झाली, तोच टेबलावर नव्हता, ही यातली मुख्य गोष्ट आहे.

जग एकत्र येते तेव्हा नेमके काय होते, हे समजायला दूर जायची गरज नाही. सीप्झपासून सहारचे विमानतळ रिक्षाने थोड्याच वेळाचे आहे. पस्तीस वर्षांपूर्वी, एका वर्षाच्या आत, त्या विमानतळाने दोन प्रवास पाहिले. एक माणसांचा आणि एक सोन्याचा. दोन्ही एकाच संकटाची दोन टोके होती.

पहिला प्रवास : माणसांचा

२ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेन यांच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या. त्या वेळी आम्ही शाळेत होतो. आमच्या गल्लीतले एक चाचा कुवेतला मेकॅनिक होते. मूळचे रायगडचे. त्यांच्या घरी रेडिओभोवती सगळी बाई-माणसे गोळा व्हायची. फोन लागत नव्हता. तार जात नव्हती.

त्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात एअर इंडियाने जॉर्डनच्या अम्मान शहरातून १ लाख ७० हजारांहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले. सुमारे पाचशे उड्डाणे झाली. नागरी विमानांनी केलेली एवढी मोठी सुटका जगात तोपर्यंत झाली नव्हती. ही माणसे कुवेतहून बसने, ट्रकने इराक ओलांडून जॉर्डनच्या वाळवंटात पोहोचली होती. जॉर्डन हा काही श्रीमंत देश नाही. तरी त्याने लाखो परक्या माणसांना सरहद्दीतून आत घेतले. तंबू पडले, संयुक्त राष्ट्रांच्या आणि स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या संस्था आल्या. आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल स्वतः बगदादला जाऊन सद्दामना भेटले. त्या भेटीवर टीकाही पुष्कळ झाली, पण माणसे सुखरूप आली.

चाचा सहारला उतरले तेव्हा त्यांच्याकडे एकच बॅग होती. खिशात कुवेती दिनार होते, पण इराकने तो चलनातून रद्द केला होता. बारा वर्षांची कमाई म्हणजे रंगीत कागद. ते विमानतळाबाहेर आले आणि पहिल्यांदा जमिनीवर सजदा केला, असे त्यांची बायको नंतर सांगायची.

सहकार्याचा हा पहिला चेहरा. शेजारी देशाने दार उघडले, सरकारने विमान पाठवले, माणूस वाचला. पण माणूस वाचल्यावर त्याचे पुढे काय, याचे उत्तर त्या दिवशी कोणाकडे नव्हते.

दुसरा प्रवास : सोन्याचा

कुवेत पडल्याबरोबर तेल भडकले. जुलै १९९० मध्ये पिंपामागे साधारण १७ डॉलर असलेला भाव ऑक्टोबरमध्ये ४० डॉलरच्या आसपास गेला. भारताला तेल विकत घ्यायला डॉलर लागतात. ते डॉलर येत होते निर्यातीतून, कर्जातून आणि आखातातल्या आपल्या माणसांच्या मनिऑर्डरींतून. कुवेत आणि इराकमधून येणारा पैसा एका रात्रीत थांबला. अनिवासी भारतीयांनी आपल्या ठेवी काढायला सुरुवात केली. परदेशी बँका नवे कर्ज देईनात. १९९१ च्या जूनपर्यंत देशाच्या तिजोरीत जेमतेम तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल एवढेच परकीय चलन उरले.

हे वाक्य आपण पुन्हा एकदा वाचू या. देशाच्या हिशोबाच्या वहीत चाचांची मनिऑर्डर होती. ती थांबली तेव्हा देश अडचणीत आला. आपल्या लोकांना कधीकधी ऐकवले जाते की, तुमचे लोक बाहेर कमावतात, देशाला काय देतात? १९९१ चा हिशोब हे त्याचे उत्तर आहे. आजही तेच आहे. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये परदेशातल्या भारतीयांनी सुमारे १२९ अब्ज डॉलर घरी पाठवले, जगात सर्वांत जास्त. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत २०२३-२४ साली त्यातला सर्वांत मोठा, म्हणजे सुमारे एक पंचमांश वाटा महाराष्ट्रात आला.

तर १९९१ मध्ये देश नाणेनिधीकडे गेला. जानेवारीत सुमारे १.८ अब्ज डॉलरचे कर्ज मिळाले, पण ते पुरले नाही. मे महिन्यात सरकारने तस्करांकडून जप्त केलेले २० टन सोने स्वित्झर्लंडच्या बँकेला परत खरेदीच्या बोलीवर विकले. त्याच महिन्यात राजीव गांधींची हत्या झाली. जूनमध्ये नरसिंह राव पंतप्रधान आणि मनमोहन सिंग अर्थमंत्री झाले. जुलैच्या १ आणि ३ तारखेला रुपयाचे अवमूल्यन झाले. आणि ४ ते १८ जुलैच्या दरम्यान, चार खेपांत, रिझर्व्ह बँकेच्या फोर्टमधल्या तिजोरीतून जवळपास ४७ टन सोने विमानतळावर आणून लंडनला पाठवण्यात आले. बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे ते गहाण ठेवून ४० कोटी ५० लाख डॉलर उभे करण्यात आले.

आपल्या घरांत हे नवीन नाही. आईची पाटली सोनाराकडे जाते तेव्हा घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. त्या जुलैमध्ये देशाचेही तसेच झाले. बातमी वर्तमानपत्रात फुटली तेव्हा लोकांना लाज वाटली, संताप आला. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या वेळी जगाने मदत केली नाही असे नाही. मदत केली, पण आधी तारण मागितले. तारण म्हणजे निव्वळ सोने नव्हे. खतांचे अनुदान कमी करणे, सरकारी खर्चाला कात्री लावणे, बाजार खुला करणे, या सगळ्या गोष्टी कर्जाबरोबर आल्या. त्यातल्या काही गरजेच्या होत्या आणि त्यांचा देशाला फायदाही झाला, हे मान्य करायला हवे. पण त्याची पहिली किंमत पगारदार, शेतकरी आणि रोजंदारीवाल्यांनी महागाईतून मोजली.

नंतर कर्ज फिटले, सोने सुटले, तरी ते लंडनच्याच तिजोरीत राहिले. २०२३-२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ब्रिटनमधले सुमारे १०० टन सोने भारतात परत आणले, तेव्हा जुन्या लोकांना १९९१ आठवले ते यामुळेच.

तिसरी गोष्ट : चाचांचा चेक

या दोन प्रवासांची आठवण अनेकांना आहे. तिसरी गोष्ट मात्र आपल्याकडे फार कमी सांगितली जाते.

युद्ध संपल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १९९१ मध्ये एक भरपाई आयोग स्थापन केला. त्याचे कार्यालय जिनेव्हाला होते. नियम असा की, इराकच्या तेलविक्रीतला ठरावीक हिस्सा बाजूला काढायचा आणि कुवेतवरच्या हल्ल्यामुळे ज्यांचे नुकसान झाले त्यांना तो द्यायचा. यात देश होते, तेलकंपन्या होत्या. पण रांगेत पहिला नंबर साध्या माणसांचा ठेवला गेला. ज्याला २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ या काळात इराक किंवा कुवेत सोडावे लागले, त्याला ठरावीक रक्कम मिळणार होती. एकट्या माणसाला २,५०० डॉलर, कुटुंबाला ५,०००. आणि दुसरा कुठला दावा करणार नाही असे लिहून दिले तर अनुक्रमे ४,००० आणि ८,०००. अर्ज आपापल्या सरकारमार्फत करायचा. जगभरातून सुमारे २७ लाख दावे आले. शेवटी सुमारे १५ लाख दावेदारांना मिळून ५२ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मंजूर झाली. आयोगाचे काम पूर्ण व्हायला २०२२ साल उजाडले.

चाचांना त्यातले पैसे मिळाले. काही वर्षे लागली, पण मिळाले. त्यातून त्यांनी गॅरेज काढले. त्यांच्याच बरोबर आलेल्या दुसऱ्या एका माणसाला काहीच मिळाले नाही, कारण त्याच्याकडे कुवेतला राहत असल्याचा एकही कागद उरला नव्हता आणि अर्जाची मुदत असते हे त्याला कोणी सांगितले नाही.

या भरपाईला एक काळी बाजूही आहे, ती लपवायला नको. ते पैसे इराकच्या तेलातून आले. त्याच काळात इराकची सामान्य जनता निर्बंधांखाली औषधाच्या गोळीलाही महाग झाली होती. हल्ला सद्दामने केला, किंमत बगदादच्या आयांनीही मोजली. तरीसुद्धा एक गोष्ट उरते. जगाने ठरवले तर संकटात बुडालेल्या एकेका मजुराचा हिशोब ठेवता येतो, त्याच्या हातात चेक देता येतो. हे अशक्य नाही. हे एकदा झालेले आहे.

खुर्ची कोणाची?

मग नेहमी का होत नाही? त्यासाठी १९४४ मध्ये जावे लागेल. त्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वूड्स इथे ४४ देशांनी बसून नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया घातला. भारत तेव्हा गुलाम होता, तरी भारताचे शिष्टमंडळ तिथे होते. त्यात महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. त्या काळात ब्रिटनवर भारताचे देणे साठत चालले होते. युद्धासाठी भारतातून नेलेल्या धान्याचे, कापडाचे, सामानाचे ते पैसे. युद्ध संपेपर्यंत ही रक्कम एक अब्ज पौंडांहून अधिक झाली. हा पैसा सोडवायला नव्या निधीने मदत करावी, असे भारतीय शिष्टमंडळाने मांडले. ब्रिटनने विरोध केला, अमेरिकेनेही साथ दिली नाही. मागणी फेटाळली गेली. सावकार टेबलावर होता, पण मत चालले कर्जदाराचे. कारण कर्जदार बलवान होता.

आजही नाणेनिधीत मते वाटली जातात ती लोकसंख्येवर नव्हे, मुख्यतः आर्थिक ताकदीवर. मोठ्या निर्णयाला ८५ टक्के मते लागतात. अमेरिकेकडे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास मते आहेत. म्हणजे ती एकटी नाही म्हणाली की निर्णय अडतो. जगातला दर सहावा माणूस भारतीय आहे, पण भारताची मते अडीच टक्क्यांहून थोडीच जास्त आहेत.

२००८ मध्ये मात्र बलवानांनाच धक्का बसला. १५ सप्टेंबरला अमेरिकेची लेहमन ब्रदर्स बुडाली आणि श्रीमंत देशांच्या लक्षात आले की, आता एकट्याने भागणार नाही. नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनला आणि २ एप्रिल २००९ रोजी लंडनला जी-२० चे नेते बसले. १९९१ मध्ये सोने गहाण ठेवणारे मनमोहन सिंग आता पंतप्रधान म्हणून त्या टेबलावर होते. लंडनमध्ये १.१ लाख कोटी डॉलरच्या मदतीची घोषणा झाली, नाणेनिधीची ताकद तिप्पट करून ७५० अब्ज डॉलर करायचे ठरले. वॉशिंग्टनच्या जाहीरनाम्यात आणखी एक वचन होते : पुढचे बारा महिने कोणी व्यापारावर नवे अडथळे घालणार नाही. हे वचन सगळ्यांनी तंतोतंत पाळले असे नाही. पण १९३० च्या मंदीत देशांनी एकमेकांवर शुल्कांचा मारा करून जी माती केली होती, ती टळली. सुरतपासून सीप्झपर्यंत हिरे कारागिरांचे तेव्हाही हाल झाले, पण ऑर्डरी परत येण्याची वाट खुली राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारताने नाणेनिधीकडूनच २०० टन सोने ६.७ अब्ज डॉलरला विकत घेतले. अठरा वर्षांत चित्र पालटले होते.

आता २०२५ कडे पुन्हा बघा. २००८ मध्ये ज्या शहरात अडथळे न घालण्याचे वचन दिले गेले, त्याच वॉशिंग्टनमधून ५० टक्क्यांचा आदेश निघाला. पालकसभेत विचारलेल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. बलवानाचे घर जळते तेव्हा तो शेजाऱ्यांना बोलावतो. फक्त गरिबाचे जळते तेव्हा परिषदेत ठराव होतात.

२०२० मध्ये काय राहून गेले?

करोनाच्या साथीत २६ मार्च २०२० रोजी सौदी अरेबियाच्या अध्यक्षतेखाली जी-२० नेत्यांची परिषद पडद्यावर झाली. गरीब देशांच्या कर्जाचे हप्ते काही काळ पुढे ढकलले गेले. एप्रिलमध्ये तेल उत्पादक देशांनी दिवसाला ९७ लाख पिंपांची कपात ठरवून कोसळलेला भाव सावरला. २०२१ मध्ये नाणेनिधीने ६५० अब्ज डॉलरचा राखीव निधी सदस्य देशांत वाटला. वाटप पुन्हा त्याच वाट्यांनुसार, म्हणजे ज्याच्याकडे जास्त त्याला जास्त.

आणि आपली माणसे? ७ मे २०२० पासून वंदे भारत मोहिमेची विमाने सुरू झाली. तिकीट प्रवाशाने स्वतः काढायचे होते. अनेक जण दोन-तीन महिन्यांचा पगार आणि वर्षानुवर्षांची ग्रॅच्युइटी मालकाकडे सोडून परतले. आमच्या ओळखीत असे चार जण तरी आहेत. त्यांच्यासाठी जगभरातल्या कामगार संघटनांनी भरपाईची व्यवस्था मागितली. पण १९९१ सारखा आयोग उभा राहिला नाही. कारण उघड आहे. १९९१ मध्ये एक हरलेला देश होता, त्याचे तेल होते आणि बलवान देशांना त्याच्याकडून वसुली करायची इच्छा होती. २०२० मध्ये देणेकरी हजारो मालक होते आणि कुठल्याही बड्या नेत्याला त्यांना विचारायचे नव्हते. म्हणजे अडचण पैशाची नव्हती, इराद्याची होती.

नेतृत्व कशाला म्हणायचे?

आपल्याकडे याची मोजपट्टी फार जुनी आहे. सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ (अलै.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवले आणि दुष्काळाच्या सात वर्षांत वाटले, हे आपण मुलांना सांगतोच. पण त्यातला एक तपशील आपण घाईत सोडून देतो. ते कोठार फक्त मिसरच्या लोकांसाठी नव्हते. शेजारच्या मुलुखातून लोक येत होते. त्यांचे भाऊ फार तुटपुंजे भांडवल घेऊन आले, तरी त्यांनी पुरे माप मागितले आणि ते रिकाम्या हाताने परतले नाहीत.

दुसरे उदाहरण हजरत उमर (रजि.) यांचे. हिजरी १८ मध्ये मदीना आणि आसपास भीषण दुष्काळ पडला. त्यांनी शाम आणि इराकच्या सुभेदारांना पत्रे लिहून धान्याचे काफिले मागवले. एका भागातला सुकाळ दुसऱ्या भागाच्या भुकेला जोडला. आणि लोकांना तूप मिळत नाही तोवर स्वतः तूप खाणे बंद केले. व्यवस्था आणि सोसणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या. आजच्या परिषदांत व्यवस्थेवर भाषणे होतात, सोसण्याची पाळी मात्र दुसऱ्याची असते.

भारताकडूनही हीच अपेक्षा ठेवायला हवी. २०२२ मध्ये श्रीलंका दिवाळखोर झाली तेव्हा भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत दिली. इंधन, धान्य, औषधे गेली. ज्याने १९९१ मध्ये सोने गहाण ठेवण्याची वेदना सोसली, त्याने शेजाऱ्याची पाटली मागितली नाही, याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण जी देशांशी दानत दाखवली, ती आपल्याच स्थलांतरित मजुराशीही दाखवावी, असे म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे.

मग आपण काय मागायचे, काय करायचे?

मागणी एक आणि नेमकी असावी. आखाती देशांशी कामगारांविषयी करार होतात, व्यापाराचे करार होतात. त्यांत संकटकाळात परतणाऱ्या कामगाराच्या थकलेल्या पगाराची वसुली दूतावासामार्फत होईल, असे कलम असावे. निर्यातीवर जगणाऱ्या सीप्झसारख्या ठिकाणी सरकार कारखानदारांना सवलती देते, तेव्हा कामगारांची हजेरी आणि पगार टिकवण्याची अट त्या सवलतीला जोडावी. खासदार, आमदार मोहल्ल्यात येतात तेव्हा गटार आणि कब्रस्तानाच्या भिंतीबरोबर हेही विचारू या. उपनगरांतल्या खासदारांना दिल्लीत हा प्रश्न मांडता येतो.

आणि आपल्या हातातली गोष्ट म्हणजे कागद. सूरह बकरामधली कुरआनची सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदार ठेवण्याविषयी आहे. आपण ती तिलावत करतो, अमल मात्र कमी करतो. परदेशी जाणाऱ्याने कामाचा करार, व्हिसा, ओळखपत्र आणि दर महिन्याच्या पगाराची स्लिप यांच्या प्रती घरी पाठवाव्यात. घरातल्या बाईला त्या कुठे आहेत हे माहीत असावे. ईसीआर पासपोर्टवर जाणाऱ्यांचा प्रवासी भारतीय विमा असतो, त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण आहे. त्याचा कागद नक्की जपावा. पगार अडला तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक लिहून ठेवावा. सीप्झमधल्या भावांनी पीएफचे पासबुक तपासावे, सुट्टी तोंडी दिली असेल तर लेखी मागावी. मालक नाराज होईल ही भीती खरी आहे. म्हणून एकट्याने नव्हे, दहा जणांनी मिळून मागावी.

पुढच्या पालकसभेला तो सेटर आला तर आम्ही त्याला सांगू : भाई, त्या टेबलावर तुमच्यासाठी बोलणारे कोणी आपोआप बसत नाही. पण एकदा असे झाले होते की, जिनेव्हात बसलेल्या आयोगाने अंधेरीच्या गल्लीतल्या मेकॅनिकचा अर्ज वाचला, तपासला आणि त्याचे देणे दिले. तेव्हा जग काही फार भले झाले नव्हते. बलवानांनी ठरवले होते, आणि चाचांकडे कागद होता. बलवानांना ठरवायला लावणे हे आपल्या मताचे आणि आवाजाचे काम आहे, त्याला वेळ लागेल. कागदाचे काम आज मगरिबनंतर सुरू करता येईल.